असाधारण परिस्थिती

पुण्याचं विमान रद्द झालं ते आधी फलकावर,
मग माझ्या मोबाइलवर, मग सगळ्यांच्या चेहऱ्यांवर.
सामान चढवणारे संपावर गेलेत म्हणे,
शिडी लावणारे, पट्टा फिरवणारे,
ज्यांचं नाव कधी कुठल्या घोषणेत आलं नाही.
खिडकीबाहेर बिजासनची टेकडी
आणि उन्हात उभी एक रिकामी शिडी,
वर काहीच नसलेली.

काउंटरवर चौरसियांची प्रांजल, पाटणीपुऱ्याची.
सकाळपासून इतक्यांनी तिला झापलंय
की तिचा आवाज कार्बन पेपरखालच्या प्रतीसारखा झालाय.
मी माझ्या इंदुरी मराठीत विचारलं,
काय करून राहिली ग तू, जेवली का?
ती म्हणाली, मॅडम,
पूर्ण परतावा किंवा पुढचं विमान, यातलं एक तुमचा हक्क.
चहा-नाश्त्याचं कूपन, तोही हक्क.
भरपाई मात्र नाही. हे बघा ना.

तिचं बोट जिथे टेकलं ती ओळ:
वादळ, युद्ध, नैसर्गिक आपत्ती, संप.
या सगळ्याला म्हणायचं असाधारण परिस्थिती.

बत्तीस वर्षं पतपेढीत मी व्हाउचर तपासले.
ओळ पुन्हा वाचली, चष्मा घालून, चष्मा काढून.
प्रांजल, बाळ, युद्ध आमच्या घरी कधी आलं नाही.
संप मात्र असायचा,
रॉकेलच्या डब्यासारखा, दाराआड.
बाबा मिलच्या गेटवरून यायचे ते घसा बसवून.
आई मिठाचं पाणी कोमट करून ठेवायची.
शेजारच्या खोलीतले गंगाधरकाका, सख्खे,
सत्तेचाळिसाव्या दिवशी मागच्या फाटकाने कामावर गेले.
त्यांच्या शकूला टायफॉइड होता, हे आम्हाला नंतर कळलं.
खरं तर तेव्हाच कळलं होतं.
दोन खोल्यांमधलं दार बाबांनी
खिळे ठोकून बंद केलं.

मिल बंद झाली ती दोघांचीही.
थकबाकीच्या यादीत आडनाव एक,
म्हणून नावं एकाखाली एक.
बाबांचा नंबर लागला
तेव्हा सही करायला आई उरली होती.

काका आता एक्याण्णव. धायरीला असतात, शकूकडे.
तिनेच फोन केला, ये एकदा,
तुझं नाव घेतात, मधेच विसरतात, परत घेतात.
म्हणून हे तिकीट. बॅगेत अर्धा किलो लौंगची शेव,
त्यांना दात नाहीत हे माहीत असून.

तक्रारीच्या अर्जात रकाना आहे:
झालेलं नुकसान, आकड्यांत.
मिळणार नसलं तरी भरायचा.
तिकीट, पाच हजार आठशे दहा.
रिक्षा, दोनशे साठ.
एका दाराचे खिळे,
इथे पेन थांबलं.

मागून कुणी ओरडला, भिया, निकालो इन सबको नौकरी से!
मी वळून पाहिलं, बाबांच्या मुलीच्या नजरेने.
त्याच्या कडेवर झोपलेलं मूल होतं,
कपाळावर ओली पट्टी.
मग माझी नजर कुणाची होती
मला सांगता यायचं नाही.
रांगेतली माझी जागा त्याला दिली, एवढंच.

कूपनचे दोन चहा मिळाले.
एक प्रांजलच्या कीबोर्डशेजारी ठेवला
आणि फोन लावला. शकूने तो काकांच्या कानाला धरला.
काका, विमान नाही निघत. संप आहे.
बराच वेळ नुसता श्वास.
कितवा दिवस?
पहिलाच, काका.
मग आत नको जाऊस, ते म्हणाले.
बाहेरच थांब. दिगंबर असेल गेटवर,
त्याला म्हणावं...

काय म्हणावं ते विसरले.
फोन तसाच चालू राहिला.