गळती

दर फाल्गुनात गॅस भरायचा
आणि जोतिबाची यात्रा व्हायच्या आत
तो कुठंतरी निघून जायचा, न सांगता.
सत्त्याण्णवची एस्टीम. मूळचा रंग कुठला
ते आता आरसी बुकात बघावं लागतं.
सहा मेकॅनिक झाले.
सहाही जणांनी नळी जोडली, चावी फिरवली,
'गार झाली बघा' म्हणाले.
व्हायचीही.

उद्यमनगरात दस्तगीर नायकवडीनं
सिलिंडरला हातच लावला नाही.
'फुटक्या घागरीत किती वर्षं पाणी ओतणार, मास्तर?'
बॅटरी काढली, खालचा गंजका ट्रे काढला,
आणि पाइपावरनं बोट फिरवत गेला,
नाडी सापडत नाही तसा.
'गॅस काय दिसत न्हाई.
पण जाताना तेल सांडत जातोय,
तेलाला धूळ धरती. हे बघा, पावलं.'

साबणाचा फेस ब्रशनं लावला,
नायट्रोजन सोडला.
फेस आधी गप्पच.
मग सांध्याच्या कडेला एक बुडबुडा आला,
भात शिजत आल्यावर येतो तसा,
घाई नसलेला.

एका पान्यानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं.
एकटा पाना पीळ नळीला देतो,
हे त्यानं सुऱ्याला सांगितलं, मला नाही.
अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा भुगा पडला,
नट कुरकुरला, सुटला,
आणि आट्यांवर
पांढरी टेप. तीन वेढे. नीट गुंडाळलेली.

'ह्ये कुणी केलंय ओ? नळवाला गाठला हुता काय?'
सुऱ्या खिदळला.
'हितं आटे गळती थांबवत न्हाईत, रिंग थांबवती.
टेपनं तिला बसूच दिली न्हाई.'

दोन हजार चार. रविवार, दुपार.
गॅस संपलेलाच होता, उघडायला भीती नव्हती.
न्हाणीघराचा नळ बसवून उरलेलं रीळ,
आणि पुन्हा कटकट नको म्हणून
जास्तीचा एक वेढा.
एकोणतीस वर्षं वर्गात पोरांना म्हणत आलो,
ज्याची चूक त्यानं उभं राहावं.
मी उभाच होतो तसा.
म्हणालो, 'असेल कुणीतरी.'

फिटिंग आता कंपनी काढत नाही.
म्हणून जिनगोंडा मगदूमच्या लेथवर
बार लावला, जुनं फिटिंग शेजारी ठेवलं,
व्हर्नियर चष्म्याजवळ नेऊन
तो मापं पुटपुटत राहिला.
चकचकीत भुसा वेटोळी घेत
त्याच्या चपलेवर पडत होता.
नळी दाबली शिरोलीत,
ऊसतोडणी यंत्रांचे जाडजूड पाइप दाबतात तिथं.
त्या रांगेत आमची नळी
पैलवानांत उभ्या पोरासारखी.
आठ बाजूंनी जबडा मिटला.
एवढंच काम. चाळीस रुपये.

ओ-रिंग हिरवी,
बारशातल्या अंगठीएवढी.
दस्तगीरनं ती थेंबभर तेलात बुडवली.
'कोरडी बसवली तर कातरती.'
हातानं जितकं फिरेल तितकं फिरवलं,
मग दोन पाने, मग थांबला.
थांबायचं कुठं, हे मात्र त्यानं
सुऱ्यालाही सांगितलं नाही.

पंपानं पाऊण तास आतली हवा ओढली.
काटा शून्याखाली गेला. पंप बंद.
दोन चहा आणि एक प्लेट भजी
आम्ही त्या काट्याकडे बघत संपवली.
हलला नाही.

बिल त्यानं पाकिटाच्या पाठीवर लिहिलं.
लेथ, दाबकाम, रिंगा, गॅस, मजुरी.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
टेप काढली — मास्तरांना माफ.
कसं कळलं, मी विचारलं नाही.
जुनं फिटिंग मागून घेतलं, खिशात टाकलं.

बिंदू चौकात काचा वर होत्या.
बाहेरचे हॉर्न दुसऱ्या गावातले वाटत होते.
गुडघ्यांना गार वारा लागला
तसा मला न्हाणीघरातला नळ आठवला.
वीस वर्षं झाली,
तो एकदाही ठिबकलेला नाही.