कडा लागू देऊ नयेत

सकाळपासून बोरा सुटलाय.
पठारावरून धावत उतरतो हा वारा,
त्रिएस्तेच्या गल्ल्यांत म्हाताऱ्यांच्या टोप्या उडवतो,
म्हणून दुकानाचं शटर मी अर्धंच उचललंय.
पोस्ट साडेबाराला बंद.

टेबलावर हिरवं फेल्ट. त्यावर एक द्राख्मा, दोन तुकड्यांत:
एकावर गाय, मान मागे वळवलेली,
दुसऱ्यावर तिचं वासरू,
आणि ज्या आचळाला ते लुचत होतं
ते नेमकं फुटीच्या रेषेत गेलेलं.
दोन हजार वर्षं मातीत शाबूत होतं.
फोडलं मी.

बावीस वर्षांची होते. ग्रात्सला पाठवायचं होतं.
साधं पाकीट, मऊ प्लॅस्टिकची पिशवी, वर तिकीट.
मला वाटायचं, चांदी ती चांदी, फार तर वाकेल.
टपाल वेगळं करणाऱ्या यंत्राच्या रुळांतून गेलं
आणि परत आलं तेव्हा
पाकिटात काहीतरी खुळखुळत होतं.
सिन्योर कोसुत्ता ओरडले नाहीत.
पाकीट कानाशी धरून एकदा हलवलं,
म्हणाले, नीव्हेस, जुन्या चांदीची आतून साखर होते.
खणखणीत वाजवून घ्यायचं ते कालचं नाणं.
हिला मोठ्यानं नाव विचारलं तरी तडकेल.

मग त्या हिवाळ्यात रोज एक तास.
मऊ प्लॅस्टिक नको, त्याला घाम फुटतो, नाण्यावर हिरवा चढतो.
बोटं कडेला, चेहऱ्याला कधीच नाही.
नाण्याहून जाड पुठ्ठा घे, मधोमध खिडकी काप,
म्हणजे जगाचा भार पुठ्ठा घेतो.
चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेव,
उघडणाऱ्याला सुरी लागू नये.
डब्यात डबा. हलवून बघ.
आवाज आला तर सगळं पहिल्यापासून,
आवाज म्हणजे चोराला आमंत्रण, बाई.
आणि बाहेर 'नाणं' हा शब्द कुठेही नको.

त्यानंतर तीस वर्षांत माझ्या हातून एकही फुटलं नाही.
हे सांगण्यासारखं आहे की नाही, ठाऊक नाही.

आता तुर्कूहून पत्र आलंय.
औलिक्की नावाची बाई, धातू तपासते.
तिला फुटलेलंच हवंय.
चांदी आतून कशी म्हातारी होते ते बघायचंय,
आणि शाबूत नाणं कुणी कापू देत नाही.
खाली एक ओळ, अधोरेखित:
तुकडे जुळवून पाठवू नका.
कडा एकमेकींना घासल्या की कण गळतात,
मग ते पुन्हा कधीच नीट बसत नाहीत.

म्हणून आज दोन खिडक्या.
इकडे गाय, तिकडे वासरू,
मध्ये बोटभर पुठ्ठा.
गाय मान वळवून
पुठ्ठ्याकडे बघतेय.
तळाशी फोम. कापूस नाही,
त्याचे तंतू फुटीत अडकतात.
झाकण लावलं. हलवलं. काही नाही.
पुन्हा हलवलं.
बाहेर शटर थडथडतंय, हातात डबा मुका.

फॉर्मवर, आत काय: धातूचा नमुना.
किंमत:
इथे पेन जरा थांबलं.
चाळीस युरो लिहिले.

संध्याकाळी ट्रामच्या रस्त्यानं वर ओपिचिनाला जाईन, वृद्धाश्रमात.
सिन्योर कोसुत्ता माझं नाव विसरलेत,
पण खिडकीशी बसून दर वेळी विचारतात,
ग्रात्सचं पार्सल पोचलं का?
मी हो म्हणते.
ते रिकामा हात कानाशी नेतात,
एकदा हलवतात,
ऐकत राहतात.