बारदान

काचेचा काटा म्हणतो, ब्याऐंशी पूर्णांक चार.
पलंगाखालचा जुना, तांबड्या सुईचा, म्हणतो पंच्याऐंशी.
एकाच सकाळी, एकाच लुंगीत,
मधे फक्त बाथरूमचा उंबरठा.
त्या उंबरठ्यावर मी म्हणे
दोन किलो सहाशे ग्रॅम सांडलो.

हसू नका राजेहो.
एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात होतो.
इतवारीच्या किराणा ओळीत माझी पितळी पेटी उघडली
की दुकानदाराच्या तोंडातलं पान चावायचं थांबे.
सराफ्यात, भर मे महिन्यात, पंखे बंद करून
मी तराजूपुढे उभा राहिलोय,
कपाळाचा घाम पारड्यात पडू नये म्हणून
रुमाल दातांत धरून.

आणि आता ही साखर.
धंतोलीचे डॉक्टर काळमेघ चष्म्यावरून बघत बोलले,
निमजेसाहेब, आठ किलो. दिवाळीपर्यंत.
जसे काही मी ते कोणाचे उसने आणलेत.

सावजी रस्सा सोडला. भात वाटीनं मोजला.
तर्रीपोह्याच्या ठेल्यासमोरून
मान दुसरीकडे करून गेलो, ओळखीच्या सावकारासमोरून जावं तसा.
सहा दिवस फुटाळ्यापर्यंत पायी.
सातव्या दिवशी काचेचा म्हणाला, सातशे ग्रॅम जास्त.
जुना म्हणाला, एक किलो कमी.
दोघांनाही नोटीस काढायच्या बेतात होतो,
तर रत्नमाला स्वयंपाकघरातून,
"कोणता खरा ते ठरेस्तोवर भाकर निवून राहिली."

खरं सांगतो. मग मीच खोटा झालो.
बऱ्या दिवशी हलक्या काट्यावर चढायचो.
वाईट दिवशी मुद्दाम जडवर,
म्हणजे कशाचाच उपयोग नाही असं ठरवून
दोन वाट्या भात जास्त घ्यायला मोकळा.
असा व्यापारी मला खात्यात असताना सापडला असता
तर दुकानाला टाळंच लावलं असतं.

शेवटी कळमन्याला गेलो, संत्री बघायच्या निमित्तानं.
आंबिया बहार उतरत होता, लिलावाचा गलका,
पायाखाली पेंढा आणि फुटकी फळं.
तिथल्या मोठ्या काट्यावर शिक्का मी मारलेला, माझ्या हातानं.
चढलो. गुलाब हमालानं वाकून पाहिलं
आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं ओरडला,
"चौऱ्याऐंशी! बारदान वजा करू का साहेब?"

लोक हसले. मीही.
पण परतीच्या बसमध्ये तोच हिशेब.
चपला, चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, ठीक.
खुर्चीत बसून काढलेली वर्षं कोणत्या रकान्यात?
आणि दरवेळी नाही म्हणता न आलेली
तेरव्यांतली बुंदी?
पोतं कुठं संपतं आणि माल कुठून सुरू होतो,
हे माणसाच्या बाबतीत
आमच्या कोणत्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
भोयरसाहेबांनी एक सांगितलं होतं, बिडी विझवता विझवता,
काटा थोडा खोटा असला तरी निभतं पोरा,
रोज नवीन खोटं नाही बोलला पाहिजे.

तेव्हा हसलो होतो. कायद्यात बसत नव्हतं.

काचेचा आता शेजारच्या बरडेबाईंकडे आहे, त्या फार खूश आहेत.
मी जुनाच ठेवला, मला जड सांगणारा.
न्हाणीजवळच्या एका फरशीवर खडूनं चौकट आखली,
दर गुरुवारी, चहाच्या आधी, त्याच चौकटीत.
सुई आधी शून्यावर आणतो. सवय आहे.
मग जे म्हणेल ते पेन्सिलीनं भिंतीवर.
कधी खाली, कधी जराशी वर,
बाईमाणसानं काढलेल्या घाईच्या रांगोळीसारखी रेघ.
दिवाळी झाली. आठ नाही झाले. साडेचार.
डॉक्टर हूं म्हणाले.

सेमिनरी हिल्सच्या चढावर सिमेंटचा एक बाक आहे.
ऑगस्टात तिथं बसल्याशिवाय
पुढचं झाड दिसत नव्हतं मला.
परवा वरच्या वळणाला पोचल्यावर ध्यानात आलं,
बाक मागेच राहिला.

परत खाली गेलो. बसलो थोडा वेळ.
उगीच.
इतक्या दिवसांची ओळख, वाईट वाटू नये त्याला.