वजा

नवरात्र गेलं, दिवाळी गेली,
उत्तरायणाचा मांजा अजून विजेच्या तारांवरून लोंबतोय
आणि माझे पैसे केतुलभाईंच्या तोंडात घोळतायत:
"आवते अठवाडिये, बेन."

दांडिया बाजार ते अलकापुरी, शेअर रिक्षा.
तिसरा मजला.
काचेच्या दारावर 'ढकला' लिहिलंय.
मी दर वेळी ओढते.

कोरसला आम्ही तिघी.
पुढे गाणाऱ्या बाईच्या मागे, डावीकडे,
जिथे लाइट संपतो तिथे.
ती ओळ सोडते, आम्ही उचलतो,
ती श्वास घेते तो आमच्या जिवावर.
मैदानात हजारो पावलं त्या उचललेल्या ओळीवर वळतात.
पोस्टरवर आमची नावं नसतात, त्याचं काही नाही,
पोस्टर दसऱ्याला उतरतंच.

पण पावतीवर नाव आहे. विमल खासनीस.
त्याखाली नऊ रात्रींचे, बावीसशेप्रमाणे, एकोणीस हजार आठशे.
क्षणभर बरं वाटतं वाचून.
मग एजन्सीचे वीस टक्के.
मग नोंदणीचं नूतनीकरण, पंधराशे,
जणू मी वर्षभरात जुनी झाले.
चणियाचोळीचं भाडं रात्रीला दोनशे;
चोळी दंडात उसवलेली होती, ती मी शिवून परत दिली,
त्या दोऱ्याचं कुणी काही लिहिलेलं नाही.
आठव्या रात्री आवाज बसला म्हणून निम्मे कापले.
कमिशन मात्र त्या रात्रीचं पूर्ण. त्यांचा आवाज बसत नाही.
शेवटी 'प्रक्रिया शुल्क' ऐंशी.
का, विचारलं, तर टेबलावरचा पोरगा म्हणाला,
"काकी, हिशोब गोल होतो. अकरा हजार बरोबर."

आणि मधेच एक ओळ, बारीक टायपात:
मंजिरा, भाडे, तीनशे साठ.

मंजिरा माझे आहेत.
मांडवीच्या दुकानातून मी घेतलेले,
भांड्यांवर घालतात तसं नाव घातलेले.
आज पिशवीत घालून आणले, दाखवायला.

बाकावर शेजारी एक मुलगी बसलेली, हेत्वी,
संगीत महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला.
मांडीवर फॉर्म, फॉर्मवर पाकीट,
पाकिटात नव्या नोटा. आईनं दिल्या असाव्यात,
चुरगळू नयेत म्हणून वहीत ठेवून.
"काकी," म्हणाली, "पंधराशे एकदाच भरायचे ना?"

माझा चेक आतल्या खणात आहे.
आहे असं म्हणतात.
अशा वेळी तोंड मिटून बसावं एवढी अक्कल मला आहे,
बावीस वर्षं मी दुसरीच्या ओळीची वाट बघत गातेय.

मी पावती तिच्या मांडीवर ठेवली.
म्हटलं, वाच. मोठ्यानं नको.

ती बोट ठेवून वाचत होती,
कॉलेजात स्वरलिपी वाचायला शिकवतात तसं,
आणि मी पिशवी सावरायला गेले तर मंजिरा आत एकमेकांवर आपटले.
एकदाच.
एसीच्या घरघरीत तो नाद केवढा लांबला!
चहावाल्या पोराचा अंगठा चपलेत हलला, मी पाहिला.
केतुलभाईंनी फोनवरून मान वर केली.
हेत्वीनं पाकीट वहीत घातलं, वही दप्तरात.

"आवते अठवाडिये," ते म्हणाले. या वेळी 'बेन' नाही.

म्हणजे पुढच्या नवरात्रीला मी नसेन बहुतेक.
त्या दोघींना फोन करून सांगायला हवं,
की गप्प बसायला हवं, त्यांचेही खणात आहेत.
जिना उतरताना हेच चाललं होतं डोक्यात,
आणि तीनशे साठ.
बाकी सगळं समजू शकते मी. तीनशे साठ नाही.

रिक्षावाल्यानं वीस रुपये
मी बसायच्या आधीच मागून घेतले.