एक किलो

पारोळा रोडला माझं काचेचं दुकान
आणि हेल्परचं नाव धोंडू.
गिऱ्हाइकं हसतात. मी हसायचं सोडून बारा वर्षं झाली.

लुणावत जिनिंगवाल्यांची गाडी टेम्पोवरून उतरली,
काळी, बसकी, दोनच दारांची,
धुळ्यात मी दुसरी पाहिलेली नाही.
उजव्या दाराच्या काचेच्या जागी
खताच्या गोणीचं प्लास्टिक, चिकटपट्टीनं कसंबसं लावलेलं.

पीयूष शेठ म्हणाले, पोरगं आत होतं.
तीन वर्षांचं. किल्ली त्याच्याच हातात.
मी पाण्याची बाटली घ्यायला उतरलो,
त्यानं बटण दाबलं.
चव्वेचाळीस डिग्री होतं हो त्या दिवशी.
मग एका बाईनं फोडली.
कुठली बाई?
होती कुणीतरी. मी पोराला उचललं
तोवर गर्दीत गेली.

दाराचं अस्तर काढलं.
तळात काचेचे दाणे, खडीसाखरेसारखे,
मूठभर नाही, तगारीभर.
शेठनी त्यातले चार रुमालात बांधून घेतले.
मी विचारलं नाही.

ती काच कुठून फुटली ते मला दाराच्या पत्र्यावर दिसलं.
मधोमध मारणारे मारतच बसतात.
हिनं मागचा खालचा कोपरा धरला होता.
आणि पोर डावीकडच्या सीटवर,
म्हणून उजवीकडून.
माझ्याकडे दोन वर्षं शिकलेल्या पोरांना हे कळत नाही.

सीटखाली हात घातला तर लोखंड लागलं.
एक किलोचं वजन, षटकोनी,
पाठीवर शिशाचा ठसा, मापवाल्यांचा.
खिशात टाकलं. खिसा गुडघ्यापर्यंत आला.

काच पुण्याहून यायला नऊ दिवस.
चौऱ्याऐंशी हजार, मजुरी वेगळी.
या दाराला चौकटच नाही.
काच उघड्यावर उभी राहते, नुसत्या रबराच्या भरवशावर.
बसवून भागत नाही, मोटरला शिकवावं लागतं:
बटण दाबून ठेव, दहा मोज, सोड, पुन्हा.
शिकली, की कडी ओढताच काच दोन बोटं खाली सरकते,
दार लागलं की पुन्हा वर.
बुटक्या दारातून शिरताना
उंच माणूस मान घालतो ना, तशी.
धोंडूनं वीसदा उघडझाप केली.
मी ओरडलो, मग मीही दोनदा केली.

संध्याकाळी मोटरसायकल काढली.
गाडी जिथे उभी होती तिथे रसवाला म्हणाला,
निंबाबाई ना? आता इथे बसत नाही,
तिकडे पुलापलीकडे पाहा.

पांझरेच्या पुलापलीकडे कैऱ्यांची पाटी, तराजू, आणि ती.
गिऱ्हाईक एक किलो मागत होतं.
ती अर्धा किलोचं वजन ठेवून
दोनदा मोजत होती.
दुसऱ्यांदा मोजताना गिऱ्हाईक म्हणालं,
मावशी, हे काय नवीन?
ती काही बोलली नाही.

मी वजन काढून पाटीच्या कडेला ठेवलं.
तिनं आधी वजनाकडे पाहिलं,
मग माझ्या हातांकडे, काळ्या नखांकडे,
मग रस्त्याकडे, पळायला किती जागा आहे ते.
"पोऱ्या कसा शे?"
बरा आहे, म्हटलं.
बराच वेळ गेला.
मागून उसाची एक ट्रॉली गेली, मग एक बस.
"काच कितलानी?"

आयुष्यात मी गिऱ्हाइकाला काचेची किंमत
कधी कमी सांगितलेली नाही.
"जुनी पडली होती दुकानात," मी म्हटलं,
"तीच लावली."

तिला पटलं नसावं. काचेच्या धंद्यातल्या माणसाचा चेहरा
आरपार दिसतो, असं माझी बायको म्हणते.
तिनं लोखंड पदरानं पुसलं, पारड्यात ठेवलं,
समोर कैऱ्या टाकत गेली
काटा सरळ होईपर्यंत,
आणि मग आणखी दोन.

किती झाले? विचारलं.
चाळीस, म्हणाली.
घेतले.