आठ बाय दहा

भिंतीवर मापं लिहून ठेवलीत, लाल अक्षरांत:
पासपोर्ट, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर.
अमेरिकेचा व्हिसा, दोन इंच बाय दोन.
स्थळांसाठी चार बाय सहा, उभा.
ऑफिसवाल्यांना चौकोन,
जो पुढे फोनात गोल होतो
आणि खांदे बाहेर पडतात.

खारदांड्याच्या नाक्यावर बत्तीस वर्षं
मी माणसं मोजतोय हनुवटीपासून टाळूपर्यंत.
चेहरा चौकटीच्या सत्तर टक्के.
कान दिसले पाहिजेत. हसायचं नाही.
इतक्यांदा म्हणालोय हे,
की दाढी करतानाही आरशात
आधी कान बघतो.

नवसाबाई तांडेल आल्या दुपारी, मासळी संपवून.
अबोलीचा गजरा, हिरवं लुगडं,
गाळ्याच्या परवान्यासाठी फोटो.
काढला. आठ प्रती कापल्या.
एक त्यांनी तळहातावर ठेवली.
"येवडीशी? ही तं मांदेली!"

मग म्हणाल्या, "आता मोटा काड. भिंतीवरचा."
"घरात कुणी...?" मी आवाज खाली आणला.
"माजाच. जिती हाय तवर."

वेसाव्याची थोरली बहीण गेली तेव्हा
पोरांनी आधार कार्डावरचा चेहरा ताणून आणला,
बारा बाय अठरा.
"डोल्यांच्या जागी नुस्ती वाळू.
पाया पडले मी. कोनाच्या पडले, देवाला ठाव.
शिंप्याला माप देतो ना आपन?
तसंच हे. अंग हाय तवर द्यावं."

बसवलं त्यांना. पूर्ण.
हात मांडीवर, कोयत्याच्या जुन्या खुणांसकट,
पाय अनवाणी, फरशीवर सपाट.

मी म्हटलं, आठ बाय दहा घ्या,
त्याच्या फ्रेमा तयार मिळतात.
पण माझा कॅमेरा बघतो दोनास तीन,
आठाला बारा येतात, दहा नाही.
दोन इंच कुठून तरी जाणार.
स्क्रीनवर चौकट वर सरकवली, पाय गेले.
खाली सरकवली, गजरा गेला.
मधोमध ठेवली,
तर दोन्हीकडून थोडं थोडं,
जसं आपण सगळेच देत असतो.

त्या माझ्या पाठीशी उभ्या,
हातांना अजून बर्फाचा गारवा.
"डोकं आनि शेपूट काडून मदला तुकडा
गिऱ्हाइकाला देते मी रोज.
ती सुरमय असते. मी नाय."

रूपेश, माझा पोरगा कामावरचा,
म्हणाला, काका, दाबून बसवा ना, कुणाला कळतंय?
दाबलं. बाराचे दहा केले.
गाल पसरले, मान खांद्यात गेली.
नवसाबाई वाकून बघत राहिल्या
आणि एकदम फुटल्या,
"अरे, ही तं माजी जाव!"
किती हसल्या. कान, दात, सगळं.
कॅमेरा मात्र स्टँडवर, झाकण लावलेला.

शेवटी आठ बाय बारा. काहीच न कापता.
अन्सारीला फोन केला, तो म्हणाला,
रेडी नाही, बनवावी लागेल, शुक्रवारी या.
त्यांनी फोटो हाताने मोजला,
रुंदीला वीत,
उंचीला वीत आणि पाच बोटं.
"बसंल," म्हणाल्या.
"पन टांगू नको सांगते सुनेला. कपाटात ऱ्हाऊ दे.
परवाना पाच वर्साचा हाय."
ओलसर नोटा मोजून ठेवल्या काउंटरवर
आणि गेल्या.

रात्री शटर अर्धं ओढलं.
नोटा पंख्याखाली अजून वाळत होत्या.
रूपेशला म्हटलं, आज तू उभा राहा कॅमेऱ्यामागे.
त्याने सवयीने खुर्ची पुढे ओढली, विचारलं,
"काका, पासपोर्ट?"

मी चपला काढल्या.