खिळ्यावरचा हातमोजा

कुताइसीतला ट्रकचा कारखाना बंद पडला
तेव्हा थकलेल्या पगारापोटी त्सिआलाने
एकच वस्तू मागून घेतली:
उभं ड्रिल मशीन, हिरवं, जरा बहिरं,
बटण दोनदा दाबल्याशिवाय न ऐकणारं.

आमचा पहिला आठवडा नुसता चावीचा.
चकमध्ये घालायची, आवळायची, काढायची,
खुंटीला अडकवायची.
"चावी आत असेतो हात तिच्यावरून उठवायचा नाही."
दातुना हसला.
त्याला तिने आणखी शंभरदा तेच करायला लावलं,
आणि मोजत बसली.

काम सुरू करण्याआधी ती वेणी सदऱ्याच्या आत सोडायची,
बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडायची,
चष्मा आधी आमच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या.

हातमोजे मात्र नाहीत.
जानेवारीत लोखंड बोटांना चावायचं, तरी नाहीत.
मशीनच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्याला
एकच लोकरी हातमोजा टांगलेला, उजवा, निळा,
त्याची तर्जनी मुळापासून गायब.
त्सिआलाची दहाच्या दहा बोटं जागेवर होती,
आम्ही चोरून मोजली होती.
"कुणाचा?" मी विचारलं.
"पंच आण," ती म्हणाली.

पंचाचा एक ठोका, एवढीशी खळी.
"टोकाला बसायला जागा दे, नाहीतर भटकेल. तुझ्यासारखं."
आधी बारीक भोक, मग जाड.
बारीक टोकाला वेग, जाड टोकाला धीर.
पत्र्याखाली लाकडाचा तुकडा,
तेलाचे दोन थेंब,
आणि दांडा असा ओढायचा
की आपण काही विचारतोय, आणि उत्तराची घाई नाही.
कीस दोन्ही बाजूंनी सारखाच वेटोळत आला, तर धार बरी.
किंचाळी ऐकू आली, तर थांब,
ते काही तुझं कौतुक नव्हे.
कीस ब्रशने झाडायचा, बोटाने नाही,
तोही सगळं थांबल्यावर.

सगळ्यात अवघड शेवटचा केसभर.
हाताखालचा दांडा एकदम हलका होतो,
वाटतं, झालं.
तिथेच टोक पत्र्याला दातांत धरतं.

ऑक्टोबरात, मामाच्या दारूच्या कोठीसाठी
मी बिजागरीची पट्टी भोकत होतो.
शिकंजा एकच लावला होता, दुसरा लावायचा कंटाळा.
झालं असं वाटलं,
आणि पट्टी सुटून गरगरली,
आणि माझा हात तिला धरायला पुढे गेला, आपोआप,
पडणारा पेला धरायला जावा तसा.

कॉलर मागे ओढली गेली. लाल बटणावर तिची मूठ.
पट्टी आणखी तीन फेरे फिरली, मग अर्धा,
मग खांबाला टेकून उभी राहिली.
त्सिआला ओरडली नाही.
तिने दुसरा शिकंजा माझ्या हातात ठेवला;
तो थंड होता, आणि तिची बोटं थरथरत होती.

त्याच महिन्यात बाग्दातीहून इवेरी आला,
दर वर्षी येतो तसा, अक्रोडाचं पोतं डाव्या खांद्यावर.
चहाही डाव्या हातानेच प्याला.
उजवा खिशातच.

बाहेर गार वारा होता. ती शाल पांघरून आली:
राखाडी, काठाला जुन्या निळ्या लोकरीची ओळ,
हाताने विणलेली,
खिळ्यावरच्याच टाक्यांची.
मी दातुनाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं.
वीज नसायची, शेगडी नसायची अशा हिवाळ्यांच्या गोष्टी
घरी ऐकल्या होत्या.
कुणाचे हात गारठू नयेत म्हणून
कुणीतरी रात्री जागून
काहीतरी विणलं असणार.

"म्हातारं कसं आहे?" इवेरीने विचारलं.
त्सिआलाने मशीन लावलं, दोनदा बटण दाबून.
तो डोळे मिटून ऐकत राहिला.
"पट्टा सैल झालाय."
"हो?"
"हो. मधल्या पुलीवर."

तिने मशीन बंद केलं.
चक फिरायचा थांबेपर्यंत दोघंही गप्प उभे.
मग तिने प्लग काढला,
आणि मगच झाकण उघडलं.